बारा बोअरचं लायसन

आधी चहा घ्या. बिस्किटं पण घ्या. कारण आता जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही मला परत कधी कुठलं काम सांगणार नाही, म्हणजे निदान चहा तरी पाजला एवढं समाधान राहील. आणि एक अट आहे. पिशोरकडं कधी गेलात तर माझी ओळख सांगायची नाही. तिथं अजून वातावरण गरम आहे!

तर मी कर सल्लागार. पुंडलिकनगरात किराणा दुकानाच्या माडीवर माझं ऑफिस. जीएसटी, शॉप ॲक्ट, व्यवसाय कर, असली कामं करतो. माझ्यात एक गुण आहे. बायको त्याला खोड म्हणते. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मला कळतं, त्याला काय म्हणायचंय. मग कशाला उगाच त्याला बोलायला लावायचं? मीच पुरं करून टाकतो.

एके दिवशी पिशोरहून उत्तममामाचा फोन आला. मामा ट्रॅक्टरवर. मागं इंजिनाची धडधड चाललेली.

"आरं दिगंबर, कौसल्या येईल बघ तुझ्याकडं. माझी चुलतबहीण. तिकडंच असती, संभाजीनगरात. गेल्या साली मालक वारले तिचे. लायसन तिच्या नावावर करायचंय. बारा बोअर..."

"कळलं मामा! पाठवा."

"आरं कळलं काय? आईक तर..."

"मामा, बोअरचं काम म्हणजे माझ्या हातचा मळ. पाठवा तुम्ही!"

आता मला सांगा, आपल्या मराठवाड्यात बोअर म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यांपुढं काय येतं? पाणी! दुसरं काय येणार? इथं पोरगी द्यायच्या आधी बोअरला पाणी आहे का विचारतात. मी मनात हिशेब मांडला. कौसल्यामावशीच्या मालकांचा बोअर मारायचा धंदा होता, बारा बोअरचं काहीतरी लायसन होतं, ते वारसाच्या नावावर करायचं. सोपं!

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. साठीच्या पुढच्या, ठसठशीत, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. बसल्या, पाणी प्यायल्या आणि पहिलं वाक्य काय? "बाळा, दार लावून घेतोस का जरा?"

मी दार लावलं. मावशी आवाज खाली आणून म्हणाल्या, "आमचे हे सांगायचे, दुकानाबाहेर मालाचं नाव तोंडातून काढायचं नाही. चोराचिलटांचे दिवस आहेत."

"बरोबर आहे मावशी. पाइप सुद्धा सोडत नाहीत लोक."

"नुसती नळी नेऊन काय करणार मेले? पण आपण जपायचं. बारा बोअरच जास्त आहेत आपल्याकडं. दोन-चार लई जुने, सासऱ्यांच्या हातचे. निजामाच्या अमदानीतले."

निजामाच्या अमदानीत बोअर? मी क्षणभर थबकलो. मग म्हटलं, असतील. निजामाकडं काय कमी होतं?

"आणि पाणी कसंय त्यांना?" मी विचारलं.

"पाणी?" मावशींनी गालाला हात लावला. "पाण्याचा थेंब लागू दिला नाही ह्यांनी शेवटपर्यंत! मी पण नाही देत. आठवड्याला कोरड्या फडक्यानं पुसून घेते."

"म्हणजे सगळे कोरडे?"

"ठणठणीत कोरडे!" मावशी अभिमानानं म्हणाल्या.

तुम्ही हसताय. म्हणजे तुम्हाला कळलं. मला नाही कळलं हो! माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. बाराच्या बारा बोअर कोरडे, नवरा गेलेला, आणि ही माउली ते फडक्यानं पुसत बसते. श्रद्धा असते एकेकाची.

तरी खात्री करून घ्यावी म्हणून मी विचारलं, "केसिंगचं काय करता?"

"पूर्वी हे स्वतः भरायचे दुकानात. आता तयारच येतं कंपनीतून."

"पंप?"

"पंपवाला एकच राहिलाय. गिऱ्हाईक घेत नाही. दर वेळी हातानं खटॅक-खटॅक करावं लागतं ना."

"हातपंप!" मी म्हटलं.

"हातानंच करायचं असतं ते," मावशी म्हणाल्या.

बघा! एक तरी गोष्ट जुळत नव्हती का? तुम्हीच सांगा!

मग मावशी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "बाळा, लायसन माझ्या नावावर झालं नाही तर दुकान मोडायचं. सगळा माल दुसऱ्याच्या हवाली. दीर म्हणतो, हा बाईमाणसाचा धंदाच नाही, तू आपली गावी जाऊन बस. अरे, लग्न होऊन आले तशी मी त्या दुकानात बसतेय. गावी जाऊन काय करू? भिंतीकडं बघू?"

मला भरून आलं. मी टेबलावर हात आपटला. "मावशी, बायका विमानं चालवतात. तुम्ही बोअर चालवा! मी आहे!"

मावशींनी माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं पाहिलं, पण आशीर्वाद दिला.

लायसनची फाइल त्यांच्या वकिलांनी आधीच दाखल केलेली होती. माझ्याकडं फक्त शॉप ॲक्ट आणि व्यवसाय कराची नोंदणी. व्यवसाय कर म्हणजे, तुम्ही दाढ्या करा नाहीतर दात काढा, धंदा करता म्हणून सरकारला वर्षाला भरायचा तो कर. मी लॅपटॉप उघडला, मावशींच्या फोनवरचा ओटीपी मागितला आणि धंद्याच्या रकान्यात ठोकून दिलं, बोअरवेल. मावशींना वाचून दाखवलं का? छे! मला घाई होती ना.

इथवर सगळं निभावलं असतं. पण वकील जिन्यावरून घसरले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. मावशींचा फोन आला, "बाळा, उद्या सुनावणी आहे. पोलीस आयुक्तालयात. तू येतोस का सोबतीला?"

"पोलीस आयुक्तालयात? बोअरसाठी?"

"तिथूनच मिळतं ना लायसन."

मी म्हटलं, बघा, पाण्याची काय अवस्था झाली! आता बोअर मारायला सुद्धा पोलिसांचा दाखला. चांगलंच आहे. पाणी म्हणजे काय साधी चीज राहिली आहे?

दुसऱ्या दिवशी गेलो. बाकड्यावर आधीच माणसं बसलेली. सगळे कसे दणकट, मिशा पिळलेल्या. एकजण तर पट्ट्याचे बूट घातलेला, पाठ सरळ ठेवून बसलेला, फौजेतून निवृत्त झालेला असावा. म्हटलं, बोअरच्या धंद्यात काय एकेक माणसं आहेत! दारावर पाटी होती. मी वाचली का? नाही. कारण मी तेव्हा फोनवर एका गिऱ्हाइकाचं वाक्य पुरं करत होतो.

फौजी काकांनी मला विचारलं, "आपलं सिंगल का डबल?"

"बारा," मी म्हटलं.

काका थोडे सरकून बसले. आदरानं सरकले असं मला वाटलं.

तेवढ्यात पुकारा झाला. मावशी उठायला लागल्या. मी म्हटलं, "तुम्ही बसा मावशी. साहेबलोकांसमोर कसं बोलायचं ते मला माहीत आहे. आधी मी जाऊन बाजू मांडतो, मग तुम्ही फक्त सही करा."

"अरे पण तुला..."

"माहीत आहे!"

आत एक अधिकारी मॅडम होत्या. बोलणं नेमकं, नजर करडी. शेजारी एक हवालदार उभा.

"तुम्ही कोण?"

"मी कौसल्याबाईंचा कर सल्लागार, मॅडम. भाचाच समजा."

"त्या स्वतः कुठं आहेत?"

"बाहेर आहेत. पण सगळी माहिती मला आहे. विचारा!"

मॅडमनी फाइल चाळली. "बाईंना या व्यवसायाचा अनुभव आहे का?"

अनुभव! माझ्या अंगात वारंच शिरलं. "मॅडम, अनुभव म्हणजे? यांच्या घराण्यानं अख्ख्या कन्नड तालुक्यात बोअर मारलेत! पिशोरच्या शिवारात एक वावर सोडलं नाही!"

मॅडमनी मान वर केली. "वावरात?"

"वावरात, गोठ्यामागं, बांधावर. जिथं लोक म्हणतील तिथं."

"लोक बोलावून नेतात?"

"हातापाया पडून नेतात मॅडम! शेजाऱ्यानं एक मारला की यानं दोन मारायचे. भाऊबंदकी असते ना. ईर्ष्या!"

हवालदार दाराच्या बाजूला सरकला. मला वाटलं, वारा लागावा म्हणून.

"आणि परवानगी वगैरे?" मॅडमनी हळूच विचारलं.

"परवानगी घेत बसलं तर काम कधी होणार? शेजाऱ्याला कळायच्या आत मारून मोकळं व्हायचं. तो बोंबलत येईपर्यंत आरपार गेलेला असतो."

"आरपार?"

"काळा पाषाण असला तरी आरपार!"

मॅडमचं पेन थांबलं. "आणि... फसलं तर?"

"फसलं तर काय मॅडम, पुरून टाकायचं. वर माती लोटायची, एखादा दगड ठेवायचा. उघडं ठेवलं तर चौकशा होतात."

मी समाधानानं मागं टेकलो. मॅडम बराच वेळ माझ्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ठीक आहे. आपण चौकशी करू. तुम्ही शहर सोडून कुठं जाऊ नका."

"छे छे, मी इथंच आहे!" मी म्हटलं. केवढी आपुलकी!

बाहेर येऊन मावशींना म्हटलं, "पेढे आणून ठेवा! मॅडमवर छाप पडली."

"मला नाही का बोलावलं?"

"गरजच पडली नाही!"

दोन दिवस मी पुंडलिकनगरात छाती काढून हिंडलो. तिसऱ्या दिवशी सकाळी मामाचा फोन. या खेपेला ट्रॅक्टरचा आवाज नाही. मामा कुजबुजत होते.

"दिगंबर, गावात पोलिसाची जीप आलीय."

"कशाला?"

"बोअर कुणी कुणी मारले, इचारत्यात. परवानगीबिगर कुणी मारला, कुठं पुरला, जागा दावा म्हणत्यात!"

"मग?"

"मग काय? निम्मं गाव डोंगराकडं पळालं! परवानगी हाय कुणाकडं? रामभाऊनं बोअरवर कडब्याची गंजी रचली. सरपंचानं सोताच्या बोअरवर तुळशीवृंदावन ठिवलं, बायको प्रदक्षिणा घालायलीय."

"आणि तुम्ही कुठं आहात मामा?"

"म्या माझ्या बोअरवर बाज टाकून पडलोय. तोंडावर घोंगडी. ताप आलाय म्हणून सांगितलंय. एक पोलीस म्हनला, आजोबा, इथं काय पुरलंय का? म्या म्हनलो, नाय साहेब, अजून जित्ता हाय!"

मला हसू आलं. मामा खेकसले, "हासू नगं! ते म्हनायले, संभाजीनगरच्या एका सल्लागारानं सगळं कबूल केलंय म्हनून. कोन हाय रं त्यो मुडदा? घावू दे नुसता!"

माझा घसा कोरडा पडला. मावशींच्या बोअरसारखा, ठणठणीत.

त्याच दुपारी आयुक्तालयातून बोलावणं आलं. मला आणि मावशींना, दोघांनाही. रिक्षात मावशींनी विचारलं, "तू नक्की काय बोललास रे आत?" आणि आयुष्यात पहिल्यांदा मला पुढचं वाक्य सुचेना.

मॅडमनी या वेळी मावशींना खुर्ची दिली. मला नाही दिली.

"कौसल्याबाई, खरं सांगा. तुमच्या घरातल्या कुणी शेतात कधी गोळी चालवलीय?"

"गोळी?" मावशी चक्रावल्या. "साहेब, आमच्या घरात डोकेदुखीची सोडून दुसरी गोळी कुणी वापरली नाही. विकायचं काम आपलं. आमचे हे तर उंदराला सुद्धा पिंजरा लावून बाहेर सोडून यायचे."

"मग हे तुमचे सल्लागार म्हणतात की तुम्ही अख्ख्या तालुक्यात माणसं..."

"माणसं?" मी किंचाळलो. "मॅडम, माणसं कुठून आली मध्येच? मी बोअरचं बोलत होतो!"

"मी पण बोअरचंच बोलतेय."

"पाण्याच्या बोअरचं!"

मावशी सावकाश माझ्याकडं वळल्या. "पाण्याच्या?"

"मग कशाच्या?"

"अरे मुडद्या, बंदुकीच्या!" मावशी ओरडल्या, आणि चारचौघांत मालाचं नाव तोंडातून निघालं म्हणून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

बंदूक. बारा बोअरची बंदूक. नळी बंदुकीची, आणि फौजी काकांचं सिंगल का डबल म्हणजे एकनळी का दुनळी. केसिंग काडतुसाचं. पंप म्हणजे ती खटॅक-खटॅक करून झाडायची बंदूक. पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, कारण गंज चढतो. माझ्या डोक्यात एकेक गोष्ट येऊन आदळायला लागली. म्हणजे मी भर पोलीस आयुक्तालयात, हवालदाराच्या साक्षीनं, मावशींच्या घराण्यानं लोकांना वावरात मारून, वर माती लोटून, दगड ठेवल्याचं सांगितलं होतं. तेही आनंदानं!

मॅडमनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, तो ठसका लागून परत ठेवला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हवालदार तर "एक मिनट मॅडम" म्हणत बाहेरच पळाला. व्हरांड्यात जाऊन त्यानं कुणाला तरी सांगितलं असणार, कारण थोड्याच वेळात खिडकीतून तीन डोकी आत डोकावली. "यही है क्या वो पानीवाला?" असा आवाज मी या कानांनी ऐकला.

मावशी मात्र हसल्या नाहीत. त्या उठून मॅडमपुढं उभ्या राहिल्या. "साहेब, याच्या येडेपणापायी माझं दुकान नका मोडू. मी काही पुरलं नाही. इतकी वर्षं एक काडतूस इकडचं तिकडं झालं नाही आमच्याकडं. येऊन बघा, कुलपं उघडून दाखवते."

तेव्हा माझं हसू, रडू, सगळंच आटलं. गंमत माझी होती, पण दुकान त्यांचं जाणार होतं.

आता तुमचा जीव टांगणीला नको म्हणून सांगून टाकतो, लायसन मिळालं. मॅडमनी दुसऱ्याच दिवशी माणूस पाठवून दुकान तपासून घेतलं, आणि रीतसर सगळं होऊन ते मावशींच्या नावावर झालं. आज त्या गल्ल्यावर बसतात, बँकेचे सुरक्षारक्षक त्यांना वाकून नमस्कार करतात आणि तो दीर दुकानासमोरून जाताना रस्त्याच्या पलीकडनं जातो. पिशोरला तुळशीवृंदावन अजून बोअरवरच आहे, म्हणतात. हलवायला मुहूर्त मिळेना.

पण त्या दिवशीचं शेवटचं राहिलंच.

हसणं आवरून मॅडम म्हणाल्या, "तुमचा जबाब लिहून घ्यावा लागेल. गावात जीप गेलीय, कागदावर काहीतरी यायला पाहिजे. नाव सांगा."

सांगितलं.

"व्यवसाय?"

"कर सल्लागार."

"काही पुरावा?"

मी घाईघाईनं पिशवीतून कागद काढून पुढं केला. तो होता मावशींच्या व्यवसाय कराचा दाखला. मॅडमनी वाचला. "हे काय? बोअरवेल?"

"दुरुस्त करतो मॅडम. आजच करतो. व्यवसाय कर भरणं कायद्यानं बंधनकारक आहे, म्हणून आधी तेच काम केलं होतं." हरलेल्या माणसाला काहीतरी बरोबर बोलावंसं वाटतं हो!

"चांगलं केलंत. हे यांचं झालं," मॅडम म्हणाल्या, "तुमचं दाखवा."

"माझं काय?"

"तुमची नोंदणी. तुम्हीही व्यवसायच करता ना?"

मी खिडकीकडं पाहिलं. तिथं आता पाच डोकी होती. मी छताकडं पाहिलं. मग बुटांकडं पाहिलं.

"ते मॅडम... म्हणजे गिऱ्हाइकांचं करता करता... या मार्चला करायचंच ठरवलं होतं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. शेवटी मावशींनी कपाळावर हात मारला.

"अरे देवा! पोलिसांनी माझी फाइल चाळली, पिशोर पालथं घातलं," त्या म्हणाल्या, "आणि बिनलायसनचा सापडला तो तूच की रे!"